दुरून सांगितलेले काम

आपल्या समाजातील जुन्या घरांची रचना आठवून पाहावी. खाली पेढी आणि वर संसार, मध्ये लाकडी जिना. शेठजींनी गादीवरून नुसती मान वळवली तरी दिवाणजींना कळे की कीर्द काढायची की खतावणी. गिऱ्हाईक उधारी मागत असताना मालकाने चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे नकार आहे, हे गल्ल्यावरच्या पोऱ्यालाही ठाऊक असे. वर्षानुवर्षे एका छताखाली बसल्याने ही मुकी भाषा तयार झाली होती. ती कोणी शिकवली नव्हती आणि ती कधी लिहून ठेवावी लागली नव्हती.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुकानांची शटरे खाली आली. पण हिशोब थांबले नाहीत. देणी, येणी, बँकेचे हप्ते, वस्तू व सेवा कराची विवरणे हे सारे चालूच राहिले. हिशोबनिसांनी संगणक घरी नेले. पुढे शटरे उघडली, तरी त्यांतील बरेच जण परत आले नाहीत, आणि मालकांनीही त्यांना आग्रहाने बोलावले नाही. जागेचे भाडे वाचले, येण्याजाण्याचा खर्च वाचला. आज सोलापुरातल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याची खतावणी अणदूरची मुलगी आपल्या घरी बसून ठेवते, बिले अक्कलकोटचा मुलगा करतो, मालकाचा मुलगा पुण्यातून ऑर्डरी घेतो आणि स्वतः मालक गाडीत असतो. व्यवहार चालतो, आणि पुष्कळदा चांगलाही चालतो. मात्र मान वळवण्याची आणि चष्मा पुसण्याची भाषा आता कोणाला दिसत नाही. तिच्या जागी काय आले, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, निवृत्तीनंतर अणदूरला घर केले. तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, नळदुर्गच्या शेजारचे हे गाव. निवृत्त बँक अधिकाऱ्याला गावात दोन कामे हमखास मिळतात: कोणाचा तरी अर्ज लिहून देणे आणि कोणाचा तरी हिशोबाचा वाद मिटवणे. पुढे जे लिहितो आहे ते या दुसऱ्या कामातून हाती आलेले आहे.

पण आधी थोडे मागे जाऊ, कारण दुरून काम सांगणे आपल्याला नवे नाही. आपले पूर्वज गुजरातेतून, राजस्थानातून इकडे आले, काही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पण पेढी एका गावी, वखार दुसऱ्या गावी आणि आडत तिसऱ्या गावी हा प्रकार सर्वांच्याच घरी होता. गुमास्ता शेकडो मैलांवर एकटा बसलेला असे. त्याच्या हाती मालकाची रक्कम, मालकाचे नाव आणि मालकाची पत. या दोघांना जोडणारा धागा म्हणजे पत्र. माझ्या आजोबांच्या पेटीत अशी काही पत्रे होती. त्यांचा मजकूर रूक्ष होता, पण एक शिस्त कधी चुकलेली दिसली नाही: प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला, अमुक मितीचे पत्र पोहोचले, त्यातला मजकूर समजला, असे लिहिलेले असे, आणि मागच्या पत्रात जे काम सांगितले होते त्याचे काय झाले हे आधी सांगून मगच नवा विषय काढलेला असे. त्यामुळे एखादे पत्र वाटेत हरवले तर दुसऱ्याच पत्रावरून ते ध्यानात येई.

हुंडीची रीत तर याहून पक्की. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. आकडा, मग अक्षर, मग त्या रकमेचे निमे किती ते लिहून, त्याची दुप्पट पुरी द्यावी, असे बजावलेले असे. शंभराची हुंडी असेल तर पन्नासाची दुप्पट. कोणी एका शून्याची खाडाखोड केली तरी निमे जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीचा खोखा होई, म्हणजे ती पुन्हा कोणी वटवू शकत नसे. एकच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या अंगांनी सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला पडताळता येते, हे तत्त्व आपल्या आजा-पणजांनी व्यवहारात मुरवले होते. आजही धनादेशावर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहितात, आणि दोहोंत फरक पडला तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम सांगतो.

पानिपतच्या पराभवाची बातमी १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली, ती एका सावकारी पत्रातून, असे इतिहास सांगतो. कासीद ते पत्र घेऊन चालला होता आणि त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशोबाच्या भाषेत माणसांची हानी सांगितली होती. लिहिणाऱ्याने सांकेतिक भाषा वापरली, तरी वाचणाऱ्याला क्षणभरही संदेह पडला नाही. भाषा उघड असो वा झाकलेली, दोन्ही टोकांना तिचा अर्थ एकच हवा, इतकेच व्यापारी मागतो.

आता ती हकिकत. आमच्या दूरच्या नात्यातले एक गृहस्थ सोलापुरात शालेय गणवेशाचा घाऊक व्यापार करतात. कापड ते देतात, शिलाई बाहेरून करून घेतात. त्यांचे हिशोब आमच्याच आळीतली एक मुलगी घरून पाहते. बी.कॉम. झालेली, टॅलीवर हात बसलेला, स्वभावाने अबोल. आठवड्याच्या शेवटी शिलाईवाल्यांची देणी काढायची, यादी तयार करायची आणि शेठजींचा होकार आला की बँकेच्या पोर्टलवर रकमा चढवायच्या, असे तिचे काम.

मे महिन्याच्या अखेरीस रात्री पावणेदहाच्या सुमारास शेठजींनी गाडीतून तिला आवाजी संदेश पाठवला. तो मी नंतर तीनदा ऐकला आहे. मागे ट्रकचे भोंगे, मध्येच ड्रायव्हरला काही सूचना, आणि मग हे वाक्य: ‘अगं, त्या दोघांचं सोड, बाकीचं मी बघतो.’

वाचकांनी क्षणभर थांबून या वाक्याचा अर्थ लावून पाहावा. व्यापाऱ्याच्या तोंडी पैसे ‘सोडणे’ म्हणजे देणे. माल सोडला, पेमेंट सोडले, असे आपण रोज बोलतो. आणि साध्या मराठीत एखाद्याचे ‘सोड’ म्हणजे त्याचा विषय राहू दे, त्याला वगळ. शेठजींच्या मनात होते की त्या दोन शिलाईवाल्यांचे पैसे ताबडतोब द्यावेत, बाकीच्यांचे ते सोमवारी बघतील. मुलीने ऐकले की त्या दोघांना वगळावे, त्यांच्याबद्दल काही तक्रार दिसते. तिने यादीतून ती दोन नावे काढली आणि बाकीच्यांबद्दल शेठजींच्या पुढच्या निरोपाची वाट पाहिली. सोमवारी शेठजींनी बाकीच्यांना होकार दिला, आणि त्या दोघांचे आधीच गेले असतील असे धरून चालले.

ते दोघे अकरा दिवस बिनपैशाचे राहिले. शाळा १५ जूनच्या आसपास उघडणार, म्हणजे शिलाईवाल्यांच्या वर्षभराच्या कमाईचे हेच दिवस. कारागिरांना आठवड्याची मजुरी द्यावीच लागते. एकाने उसनवारी करून निभावले. दुसऱ्याने दोनदा फोन केला, ‘बघतो’ असे उत्तर मिळाले, आणि मग त्याने शेठजींचे बेतलेले कापड गुंडाळून ठेवून दुसऱ्या व्यापाऱ्याचे काम यंत्रांवर घेतले. साडेचारशे शर्ट अडकले. एका शाळेतून विचारणा आली तेव्हा शेठजींना सारे कळले. त्यांनी दुकानाच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे चौदा माणसे आहेत, लिहिले की ज्यांना साधे मराठी समजत नाही त्यांनी काम सोडावे. आणि मुलीला वेगळा निरोप पाठवला की संगणक आणून द्यावा.

गंमत पाहा, रागातही शब्द तोच आला. या वेळी मात्र अर्थाबद्दल कोणाला शंका नव्हती.

मुलीचे वडील माझ्याकडे आले. घरातला ठरलेला पगार तिचाच होता. दुसऱ्या दिवशी शेठजींचाही फोन आला, ‘साहेब, तुम्हीच सांगा, आम्ही काय चुकीचं बोललो?’ मी दोघांनाही सांगितले की आधी संदेश ऐकू द्या, मग बोलू.

माझ्यापुढे अर्थाचा प्रश्न फार वेळ राहिला नाही. वाक्य दुहेरी होते हे दोघांनीही पाच मिनिटांत मान्य केले. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. मुलगी हुशार आहे. वाक्याचे दोन अर्थ होतात हे तिला त्या रात्री जाणवले नव्हते का? जाणवले होते. तिने ते स्वतः सांगितले. मग विचारले का नाही? तेव्हा तिने फोन काढून एप्रिलमधला एक संदेश दाखवला. एका बिलाबद्दल तिने गटावर शंका विचारली होती आणि उत्तर आले होते, ‘दर वेळी विचारायचंच असेल तर मग मीच करतो ना.’ त्याखाली दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले होते. त्या दिवसापासून तिने विचारणे बंद केले होते. शेठजींना हा संदेश आठवतही नव्हता.

अकरा दिवसांची ती उधारी माझ्या मते मे महिन्यात झालीच नव्हती. ती एप्रिलमध्ये झाली होती. दुकानात समोर बसलेल्या माणसाला मालक खेकसला तरी तासाभराने चहा मागवतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि खेकसणे विरून जाते. दूर बसलेल्या माणसापर्यंत खेकसणे पोचते, चहा पोचत नाही. वर ते खेकसणे पडद्यावर तसेच राहते, हवे तेव्हा पुन्हा वाचता येते. शंका विचारण्याची किंमत मालकाने एकदा वाढवली की नोकर ती किंमत देणे बंद करतो आणि अंदाजावर काम करू लागतो. अंदाज दहात नऊ वेळा बरोबर येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

शेठजींची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ते वाईट गृहस्थ नाहीत. पहाटे पाचला दिवस सुरू होतो. सोलापूर, लातूर, कलबुर्गी अशी फिरती असते. मोबाईलवर मराठी टंकलेखन त्यांना जमत नाही, म्हणून ते बोलून निरोप पाठवतात. ते म्हणाले, ‘ती दुकानात असती तर माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं असतं.’ हे अगदी खरे आहे. पण तोंड तिथे नव्हते, आणि त्या तोंडाचे काम शब्दांना करावे लागणार होते, हे त्यांनी ध्यानात घेतले नव्हते.

मला इथे माझ्या नोकरीचे सुरुवातीचे दिवस आठवतात. शाखेतून मुख्य कार्यालयाशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. तीन मिनिटांचा हिशोब. फोन लागेपर्यंत अर्धा दिवस जाई, म्हणून काय बोलायचे ते आधी कागदावर उतरवून ठेवत असू. तारेला तर शब्दागणिक पैसे पडत. एकेक शब्द घासून घ्यावा लागे. तारेने पैसे पाठवायचे तर सांकेतिक आकडे जुळल्याशिवाय समोरची शाखा रक्कम देत नसे आणि मागाहून टपालाने पुष्टीची प्रत जाई. २०१३ च्या जुलैत तार सेवाही बंद झाली. तेव्हा बोलणे महाग होते, म्हणून बोलणारा विचार करून बोले. आता बोलणे फुकट झाले आहे. सत्तेचाळीस सेकंदांचा आवाजी संदेश पाठवायला मालकाला काही पडत नाही. पण त्यातून काम कोणते, कोणाचे, किती आणि केव्हापर्यंत हे निवडून काढण्याचे सगळे श्रम ऐकणाऱ्यावर पडतात. पगार ज्याचा कमी, विचार करण्याचा बोजा त्याच्यावर, असा हा उलटा व्यवहार आहे.

अर्थात नुसते लिहिले म्हणजे झाले, असेही नाही. सरकारी आणि बँकांच्या पत्रांतून ‘योग्य ती कार्यवाही करावी’ हे वाक्य मी हजारो वेळा वाचले असेन. योग्य ती म्हणजे कोणती, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. चुकले तर लिहिणारा मोकळा. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे इंग्रज सेनापतीने घोडदळाला जो हुकूम पाठवला तो लेखीच होता: शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. सेनापती टेकडीवर उभा होता; त्याला कोणत्या तोफा म्हणायच्या आहेत ते वरून स्पष्ट दिसत होते. खाली दरीत उभ्या असलेल्या सरदाराला त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याला दिसत होत्या त्या दरीच्या टोकाला मांडलेल्या रशियन तोफा. हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विचारले तर त्याने तोऱ्यात हात करून दिशा दाखवली. साडेसहाशेहून अधिक स्वार सरळ तोफांच्या तोंडी गेले आणि शंभराहून अधिक परतले नाहीत. टेकडीवरून सूचना देणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे की खालच्या माणसाला इथून दिसते ते दिसते आहे का. आपले शेठ लोक बाजाराच्या टेकडीवर असतात. कोणत्या पार्टीचा चेक परत आला, कोणाशी सोयरीक जुळते आहे, कोणाचा माल खराब निघाला, हे त्यांना ठाऊक असते; घरी बसलेल्या हिशोबनिसाला फक्त खातेपान दिसते.

याउलट उत्तम सूचना कशी असते याचा नमुना आपल्याच मुलखात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात नुसते ‘दाणावैरण जपून वापरा’ असे नाही. आज हवी तशी उधळली तर पावसाळ्यात संपेल, मग घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरातले धान्य आणि लाकूडफाटा आणायला जाल, मग रयत गाव सोडेल आणि तुम्हाला मोगलांहून वाईट समजेल, अशी एकापुढे एक पायरी दाखवली आहे. आगीची काळजी घ्या म्हणताना आग कशी लागते तेही सांगितले आहे: रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. शेकडो गावांचा कारभार पाहणाऱ्या राजाने उंदराचा विचार केला. कारण कळले की दूरचा माणूस सूचनेत न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य वागू शकतो. 

आमच्या अणदुरातही दुरून चालणाऱ्या कामाचे उदाहरण आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने इथे हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि खेड्यांतील स्त्रियांना प्रथमोपचाराचे व आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. डॉक्टर अणदुरात आणि भारतवैद्य आपल्या गावात. रुग्णापर्यंत पोचते ते डॉक्टरांनी शिकवलेले नव्हे, तर तिला समजलेले. गणवेशाच्या शर्टापेक्षा ही जोखीम कितीतरी मोठी.

समजले आहे की नाही हे कसे ओळखावे? माझा अनुभव असा की ‘समजलं का?’ असे विचारण्याचा काहीही उपयोग होत नाही. उत्तर ‘हो साहेब’ असेच येते. २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मी एका ग्रामीण शाखेचा व्यवस्थापक होतो. जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार, आणि २४ तारखेनंतर बदलणे बंद, हे सारे अडीच आठवड्यांत झाले. शाखेत आम्ही सहा जण; बाहेर खेड्यांत आमचे बँक मित्र. दाराशी रांग पहाटेपासून. मी रोज सकाळी साडेआठला सर्वांना एकच संदेश धाडत असे: वर सूचनेचा क्रमांक, तारीख व वेळ, त्याखाली आजची मर्यादा अंकी व अक्षरी, आणि शेवटी कोणती आधीची सूचना रद्द झाली तिचा क्रमांक. उत्तरात ‘ओके’ चालणार नाही, आजची मर्यादा स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवा, अशी अट होती. सुरुवातीला सर्वांना तो जाच वाटला. मर्यादा दोन हजारांवर आली त्या सकाळी एका बँक मित्राचे उत्तर आले, साडेचार हजार. त्याने वरचा जुना संदेश वाचला होता. पावणेनऊला ते दुरुस्त झाले. नाहीतर त्या गावात दुपारपर्यंत काय प्रसंग ओढवला असता याची कल्पना ज्यांनी त्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना येईल.

‘ओके’ या शब्दाने किती घात केला आहे याची नोंद विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन महाकाय विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका वैमानिकाने आपण उड्डाणाला निघालो आहोत असे कळवले. नियंत्रकाच्या उत्तराची सुरुवात ‘ओके’ने झाली, आणि पुढची थांबण्याची सूचना रेडिओच्या खरखरीत हरवली. त्याच विमानातील कनिष्ठ अभियंत्याने, समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना, अशी शंका बोलूनही दाखवली होती. ज्येष्ठ वैमानिकाने ती ठामपणे झटकली. त्यानंतर जगभर नियम कडक झाले: ठरावीक शब्दच वापरायचे, सूचना मिळाली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि कनिष्ठाची शंका ऐकून घ्यायची. आपल्या रेल्वेतही दोन स्थानकांचे स्टेशन मास्तर गाडी सोडताना एकमेकांना खासगी क्रमांक देतात आणि तो नोंदवून घेतात. नुसत्या ‘हो हो’वर गाडी सुटत नाही.

हे सारे मी शेठजींना सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या समाजातला नेहमीचा आक्षेप घेतला. ‘साहेब, घरच्यासारखी माणसं. त्यांच्याशी सगळं लिहून करायचं म्हणजे विश्वास नाही असं होतं.’ मी त्यांना आमच्या गावच्या खंडोबाचे उदाहरण दिले. अणदूर आणि नळदुर्गजवळचे मैलारपूर अशी खंडोबाची दोन मंदिरे आहेत, पण मूर्ती एकच. देव सुमारे दहा महिने अणदुरात आणि सुमारे दोन महिने मैलारपुरात असतो. दोन्ही गावांची श्रद्धा एकाच देवावर, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार. तरी देव एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. तो अविश्वास आहे असे दोन्ही गावांत कोणी म्हणत नाही. उलट कागद असल्यामुळे देव कधी परत येणार यावरून भांडण होत नाही. शेठजी हसले, पण त्यांना ते पटले असावे.

मग आम्ही तिघांनी फोनवर बसून काही रीती ठरवल्या. देण्यांची यादी मुलीने दोन रकान्यांत पाठवायची, ‘द्यायचे’ आणि ‘थांबवायचे’, प्रत्येक नावापुढे रक्कम आणि खाली बेरीज. शेठजींनी हवे तर बोलूनच निरोप द्यावा, टंकलेखनाची सक्ती नाही. पण मुलीने तो ऐकून ‘मी असे समजले’ म्हणून दोन ओळींत परत लिहायचा आणि ‘बरोबर’ हा शब्द आल्याशिवाय रक्कम चढवायची नाही. रात्री आठनंतर आलेला निरोप दुसऱ्या दिवशीचा समजायचा. खरोखर निकडीचा असेल तर सुरुवातीला ‘आजच’ म्हणायचे. ‘थांबवायचे’ असेल तर एका वाक्यात कारण द्यायचे. आणि ‘सोड’ हा शब्द हिशोबातून कायमचा बाद. शेवटच्या कलमावर मुलगी त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. शेठजींचे रोजचे पाच मिनिटांचे काम यामुळे वाढले, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी तशी कुरकुर माझ्याकडे केली. मी त्यांना अकरा दिवसांचा आणि साडेचारशे शर्टांचा हिशोब करायला सांगितला.

एक गोष्ट मात्र रीतीत बसत नव्हती. गटावर चौदा माणसांसमोर जे लिहिले गेले त्याचे काय? शेठजींचे म्हणणे होते की तो संदेश पुसून टाकतो. मी म्हटले, पुसलेल्या संदेशाच्या जागी पुसल्याची खूण राहते, आणि वाचायचा तो सर्वांनी वाचलेला आहे. मग मी मुलीला फोन करून समजावतो, असे ते म्हणाले. माझे मत असे पडले की कामाच्या सूचना लेखी असाव्यात, पण मन दुखावलेल्या माणसाशी बोलणे लेखी असू नये आणि जमल्यास फोनवरही असू नये. सोलापूरहून अणदूर गाडीने तासा-सव्वातासाचे अंतर. त्यांनी यावे की नाही हे मी त्यांच्यावर ठेवले.

ते पुढच्या रविवारी आले. चार वाजता मुलीच्या घरी बसले, तिच्या आईच्या हातचा चहा घेतला, तिच्या वडिलांशी पावसापाण्याचे बोलले. मुलीला काय म्हणाले ते मी ऐकले नाही, मी मुद्दामच ओसरीवर थांबलो होतो. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचे असल्याने ते लवकरच निघाले. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी फोन काढला आणि गटावर आवाजी संदेश बोलू लागले, मग थांबले, आणि फोन मुलीच्या हाती देऊन म्हणाले, ‘बेटा, मी सांगतो तसं तूच लिही, आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखव.’